उत्तम निचऱ्याची जमीन

१२ सप्टेंबर

पोचले एकदाची! दोहाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की नमिता दिसायच्या आधी तिची हाकच ऐकू आली. "शशे, इकडे बघ, इकडे!" शशिकला या भारदस्त नावाचं शशी करणारे पुष्कळ भेटले, पण शशे म्हणणारी जगात एकच. राहुरीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच शेगडीवर चोरून अंडी तळली, आणि एकीला ताप आला की दुसरीनं तिची प्रॅक्टिकल्स लिहिली. मी शिकवायचे ते नाशिकचं कॉलेज बंद पडलं तेव्हा हळहळले सगळेच. नोकरी दिली ती नमितानं.

मदिनत खलीफात तिचा व्हिला आहे. वरची खोली मला दिली आहे. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, उशाशी पाण्याचा तांब्या, सगळं आधीच मांडलेलं. नवरा प्रताप समुद्रातल्या गॅसच्या फलाटावर असतो, एक महिना तिकडे आणि एक महिना घरी.

मुलगी ओवी दहा वर्षांची. तिला मी पाहिलं होतं तेव्हा ती गुटगुटीत होती. आता सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेली असते आणि ओठांना रंग म्हणून नाही. अंगात लोह टिकत नाही म्हणे, डॉक्टर झाले, औषधं झाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिशमध्ये. माझा हात हातात घेऊन तिनं नखं निरखली आणि म्हणाली, "युअर नेल्स आर सो पिंक." मी म्हटलं, राणी, नाशिकची द्राक्षं खाल्लीत मी. ती हसली. नमिता मात्र उठून आत गेली.

१४ सप्टेंबर

आज माझं कामाचं ठिकाण पाहिलं आणि मी लहान मुलीसारखी नाचायचीच बाकी राहिले!

अल दुहैलच्या पुढे, मोकळ्या रेतीत एका धनिकानं प्रचंड काचघर बांधलं आहे. आत थेट उत्तरेकडचं, ध्रुवाजवळच्या प्रदेशातलं जंगल आणून बसवलंय. सूचिपर्णी झाडं, शेवाळ, आणि झाडांखालची जमीनसुद्धा तिकडचीच, ठोकळे कापून पेट्यांतून आणलेली. जानेवारीत लोकांसाठी उघडायचं आहे. नमिता या प्रकल्पाची प्रमुख आणि मी मातीची तज्ज्ञ. आमचा ड्रायव्हर कासम दापोलीकडचा. तो याला फ्रीज म्हणतो. म्हणे, "मॅडम, बाहेर तंदूर, आत फ्रीज, आणि मध्ये आपण कणीक!"

एका बाजूला काचेची भिंत जमिनीत खोल गेली आहे, तिथून मातीचा उभा छेद दिसतो. सगळ्यात वर सुईसारखी पानं अर्धवट कुजून झालेला काळपट, आंबूस वासाचा थर. त्याखाली चुलीतल्या राखेच्या रंगाचा करडा. त्याखाली तांबूस, गंजलेल्या पत्र्यासारखा. आणि तळाला हिमोढ, म्हणजे हिमनदीनं पूर्वी कधी डोंगर खरवडून आणून टाकलेला राडा. त्यात वाळू, गोटे, धारदार दगड, सगळं एकत्र.

हिमोढात फटी भरपूर, म्हणून पाणी थांबत नाही. वरून पडलं की पानांतून आंबट होतं, करड्या थरातलं लोह विरघळवून घेतं आणि तांबूस थरात नेऊन ठेवतं. म्हणून वरची माती फिकी आणि खालची लाल. आम्ही मुलांना शिकवायचो, उत्तम निचऱ्याची जमीन. फळ्यावर कितीदा काढली असेल ही आकृती. प्रत्यक्षात आज पहिल्यांदा पाहिली आणि डोळे भरून आले.

१९ सप्टेंबर

कामाला लागले. माझी पद्धत जुनीच, आमच्या सरांनी शिकवलेली. चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, थुंकीनं ओली करायची आणि अंगठ्यानं दाबून तिची पट्टी निघते का पाहायचं. आपल्या काळ्या मातीची पट्टी बोटभर लांब निघते, ती सोडतच नाही. ही लगेच तुटते. करकर लागते, आंबट वास येतो.

काळी माती पाणी धरते, खत धरते, उन्हाळ्यात भेगाळते पण दिलेलं विसरत नाही, पिकातून परत देते. ही वरच्या थरात काही धरतच नाही. जे द्याल ते खाली.

काचेवर प्रत्येक थराच्या कडेला मार्करनं रेघ ओढून ठेवली. तांबूस थराच्या आत एक गडद लाल पट्टा आहे, हाताच्या बोटाएवढा. आकृतीत असं काही नसतं. नमिताला विचारलं, तर ती म्हणाली की माती आली तेव्हापासून असेल.

२१ सप्टेंबर

आज नमितानं घरगुती भूमिपूजन केलं. मालकाला सांगितलेलं नाही, आम्ही दोघीच. तिचं माहेर निफाडकडचं. नवं शेत घेतलं की घरातलं कुणीतरी अनवाणी उभं राहून तळहातावरून उदक सोडतं आणि म्हणतं, जे माझं ते तुझं. मग जमीनही आपलं म्हणते आणि भरभरून देते. मी म्हटलं, तू प्रमुख, तूच सोड. तर म्हणते कशी, "मी साहेबीण झाले गं, मातीला हात कुठे लावते? तू हिची राखणदार. तुझ्या हातानं होऊ दे."

मला काय, मानच वाटला! चपला काढल्या. जमीन बर्फासारखी गार होती. नमितानं तांब्यातून पाणी घातलं, मी बोटांवरून सोडलं आणि मोठ्यानं म्हटलं, "जे माझं ते तुझं." पाणी पडल्या पडल्या दिसेनासं झालं. तळाच्या निचऱ्याच्या नळीखाली आम्ही बादली ठेवतो, एरवी थोड्या वेळात थेंब येतात. आज आले नाहीत. मी थट्टा केली, बाईसाहेबांना तहान लागली होती. नमिता हसली नाही. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि रडली. एवढी वर्षं परदेशात एकटी राहिलीय, साठलं असेल, असं मला वाटलं.

३० सप्टेंबर

ओवी आज उठून दारापर्यंत आली! परवा अख्खी पोळी खाल्ली, आज शाळेचं दप्तर काढून बसली. ओठांवर गुलाबी छटा आहे. नमितानं देवापुढे साखर ठेवली. मीही ठेवली. आत्याचा पायगुण, असं प्रताप फोनवर म्हणाला. मी तिची आत्या नाही, पण ऐकून बरं वाटलं.

मला जरा थकवा आहे. बाहेरच्या उकाड्यातून थंडीत जायचं, रोज दहादा, दुसरं काय.

९ ऑक्टोबर

नमिता माझे इतके लाड करते की लग्न झालं असतं तर सासूनंही केले नसते. सकाळी खजूर, दुपारी लोखंडी कढईतली पालकाची भाजी, संध्याकाळी अळिवाचे लाडू. समोर बसून खाऊ घालते आणि मग माझे डोळे खाली ओढून पाहते, लाली आली का म्हणून. मी म्हटलं, अगं, पी हळद नि हो गोरी असं होतं का कुठे?

कामातली एक गोष्ट मात्र चक्रावून टाकणारी आहे. तांबूस थरात, त्या जुन्या लाल पट्ट्याच्या वर, दुसरा पट्टा दिसायला लागला आहे. काल केसाएवढा होता. आज स्पष्ट दिसतो. असा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. मी रेघ पुसून पुन्हा ओढली. माझंच चुकलं असेल.

२२ ऑक्टोबर

चुकलं नाही. पट्टा जाड होतोय. लोह कुठून येतंय? पाणी तपासलं, त्यात नाही. वरच्या थरात नाही, तो आधीच धुपून करडा झालेला. मातीत जे नव्हतंच ते मातीत उतरतंय.

जिना चढताना मध्ये बसावं लागतं. विंचरताना केस हातात येतात. हाताच्या नखांना रंग उरलेला नाही. कासमनं गाडीच्या आरशातून बघून विचारलं की मॅडम, उपास चाललेत का?

ओवी शाळेत जायला लागली. सायकल मागतेय.

२ नोव्हेंबर

दवाखान्यात गेले. डॉक्टर माहनूर भली बाई आहे. सगळं विचारलं, सगळं तपासलं. रक्तस्राव कुठेच नाही. रिपोर्टकडे बघत हिंदीत म्हणाली, "आपका खून जा कहाँ रहा है?" सलाइनमधून लोह दिलं.

संध्याकाळी काचघरात गेले. लाल पट्टा ओला दिसत होता.

मी त्या काचेसमोर किती वेळ उभी होते, कोण जाणे. सलाइन सकाळी दंडात गेलं. संध्याकाळी ते इथे होतं.

५ नोव्हेंबर

काचघरात गेले नाही. तीन दिवस घरीच आहे. जमिनीपासून लांब राहिलं तर थांबेल, असं वाटलं होतं.

थांबलं नाही. आज आरशात हिरड्या पाहिल्या. चुन्यासारख्या.

नमिता रात्रंदिवस माझ्या उशाशी आहे. माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावते. तिला सगळं सांगितलं, पट्ट्याचं, सलाइनचं. वाटलं होतं हसेल. हसली नाही, नको विचार करू म्हणाली. मग म्हणाली, तुझं कुणीतरी जवळ हवं. तुझी भाची, सोनम, राहुरीची पदवी घेऊन घरीच बसली आहे ना? तिला असिस्टंट म्हणून बोलावू. तुझी सेवा होईल, तिचंही भलं होईल.

मला इतकं बरं वाटलं. सोनम, माझ्या भावाची पोर! मी हो म्हटलं. माझ्याच फोनवरून तिच्याशी बोलले, ये गं बाई लवकर. ती तिकडे आनंदानं किंचाळली.

१४ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा.

थर कसे वाचायचे हे मी आयुष्यभर शिकवलं. खालचा जुना, वरचा नवा. जुना पट्टा मी उदक सोडलं त्या दिवसापासून तेवढाच आहे, वाढलेला नाही. नवा वाढतोय. मग जुना कुणाचा?

ओवी शेजारी बसून चित्र रंगवत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तू कधी त्या थंड जंगलात गेली होतीस का? ती मान वर न करता म्हणाली, हो, लास्ट इयर, ममानं माझ्या हातावर पाणी घातलं होतं. "आय डिड इट फर्स्ट. देन यू डिड इट. अँड देन आय गॉट बेटर."

तिचे गाल किती छान लाल झालेत.

१५ नोव्हेंबर

नमितानं नाकारलं नाही. बसली आणि सगळं सांगितलं, भाजीत काय घातलंय ते सांगावं तसं.

गेल्या वर्षी माती आली तेव्हा माहेरच्या रिवाजाप्रमाणे तिनं कुमारिकेच्या हातून उदक सोडवलं. पोरीचं कौतुक म्हणून. निफाडच्या मळ्यात तिनं स्वतः लहानपणी केलं होतं, काही झालं नव्हतं. पण ती जमीन काळी होती. तिला दिलेलं परत द्यायची सवय होती. हिला नाही. ओवी फिकी पडत गेली आणि पट्टा वाढत गेला. नमितानं तिला पुण्याला नेऊन पाहिलं, लांब जाऊन फरक पडत नाही. एकदा तो पट्टा खोदून काढायला घेतला, तर तिकडे पोरीची शुद्ध गेली. मग तिला सुचलं की दुसऱ्या कुणी आपल्या हातानं, आपल्या तोंडानं दिलं तर कदाचित जमीन पहिल्याला सोडेल.

सोडलं.

मी विचारलं, तू स्वतः का नाही सोडलंस? ती म्हणाली, मला काही झालं तर ओवीकडे कोण बघणार? आणि मग, खूप हळू, "तुझ्या मागे कोण आहे, शशे?"

ताप आला की ती माझी प्रॅक्टिकल्स लिहायची. तिनं केसानं गळा कापला माझा. उशाशी तांब्या ठेवून, कढीपत्त्याची कुंडी ठेवून. ते लाडू, ती कढई — मला वाटलं माया आहे. खत होतं ते. मी लवकर संपू नये म्हणून.

१६ नोव्हेंबर

सोनम.

काल इतकी रडत होते की सोनमचं नावच डोक्यात आलं नाही. माझ्या सेवेला नाही येत ती —

नमिताला विचारलं. ती म्हणाली, मी तुला मरू देईन असं वाटलं का तुला? तरुण पोर आहे, रक्त सळसळतंय, वर्षानुवर्षं पुरेल. आणि नाही पुरलं तर तिचंही कुणी असेलच.

माझे केस विंचरत म्हणाली हे.

१७ नोव्हेंबर

सोनमला मेसेज केला, येऊ नकोस. फोन केला. आवाज नीट निघत नाही, धाप लागते. सगळं सांगितलं, माती, उदक, पट्टा. तिनं ऐकून घेतलं. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, आत्या, नमितामावशी म्हणाल्याच होत्या मला, तू अशक्तपणात काहीबाही बोलतेस म्हणून. मी येतेच आहे. घाबरू नको.

भावाला केला. तोही तेच.

माझ्या आधी नमिता सगळीकडे पोचलेली आहे.

२० नोव्हेंबर

उभं राहवत नाही. अंग इतकं हलकं — आतून धुऊन काढल्यासारखं. डोळे मिटले की पाणी खाली जाताना ऐकू येतं. गोट्यांमधून. थांबत नाही कुठे.

ओवी खोलीत आली. माझी नखं पाहिली. मराठीत बोलली, पहिल्यांदाच. "मावशी, तुला पण बरं वाटेल आता. ती ताई येतेय ना."

तिलाही माहीत आहे.

२३ नोव्हेंबर

विचार आला. लिहूनच ठेवते, म्हणजे लाज वाटेल.

सोनम तरुण आहे. तिला वेळ लागेल. मी बरी झाले की काहीतरी उपाय शोधीन, मीच तर मातीची तज्ज्ञ. मग तिला सोडवीन. आधी मी बरी व्हायला हवी.

नमिताही असंच म्हणाली असेल स्वतःला. शब्द न् शब्द.

नाही. नाही. मी तिला थांबवणार.

२६ नोव्हेंबर

सोनम आली. कासमनं आणलं. गळ्यात पडली, रडली, माझ्यासाठी वहिनीनं दिलेली मेतकुटाची पुडी काढली. मी तिच्या कानात सांगितलं, हातावर पाणी घेऊ नकोस. कुणी काही म्हण म्हटलं तर म्हणू नकोस. ती हो हो म्हणाली. मला थोपटत, नमिताकडे बघत.

गोगलगाय नि पोटात पाय. नमितानं तिच्यासाठीही लाडू करून ठेवलेत.

२७ नोव्हेंबर

काचघर. नमितानं मला इथे आणून ऑफिसातल्या कोचावर बसवलंय. समोर काच आहे, पलीकडे झाडं. सोनमला म्हणाली, आत्यासमोरच होऊ दे, तिला समाधान वाटेल. पोर लगेच तयार झाली. माझ्या समाधानासाठी.

वही नमितानंच आणून दिली. लिही, तुला बरं वाटतं, म्हणाली. दार उघडं ठेवून गेली. कुलूप नाही, काही नाही. चार पावलांवर आहे. भिंतीला धरून जाता येईल मला. हाक मारली तरी ऐकू जाईल.

तिला माझी इतकी खात्री आहे.

सोनमला झाडं दाखवतेय. सोनम हसतेय. तांब्या भरलेला आहे.

उठते.

माझी नखं — पांढरी. ओवीचे गाल आठवतायत. सायकल घेतली तिनं, लाल —

आता चपला काढतेय सोनम. गार लागलं, पाय उचलला, माझ्याकडे बघून हात केला. अजून वेळ आहे. उठतेच आहे मी. हाक मारते. एवढं वाक्य पुरं झालं की लगेच, हात पुढे केला तिनं, आता उठलंच पाहिजे, नमिता माझ्याकडे बघतेय, थांबली आहे, माझ्यासाठी थांबली आहे, मी उठते की नाही ते बघायला, आणि मी अजून लिहि